वाड्याचा फोटो काढला म्हणून केस होते का?

तुमचा प्रश्न मला समजला तसा आधी मांडतो, चुकत असेन तर सांगा. वाई-सातारा भागातल्या जुन्या वाड्यांचे दरवाजे, ओसऱ्या, कोरीव खांब तुम्ही टिपता, त्यातले बारा फोटो निवडून कॅलेंडर छापून विकायचंय. मध्येच एका वाड्याच्या मालकांचा इन्स्टावर मेसेज आला की आमच्या प्रॉपर्टीचा फोटो परवानगीशिवाय टाकलाय, उतरवा नाहीतर केस टाकतो, आणि वर फोटो विकणाऱ्या एका स्टॉक साइटने तोच फोटो 'प्रॉपर्टी रिलीज नाही', म्हणजे मालकाची लेखी संमती नाही, म्हणून परत पाठवला. आता तुम्हाला वाटतंय की बाराही फोटो बाद. एवढं घाबरायचं कारण नाही. पण 'रस्त्यावरून काढला ना, मग काहीही करायला मोकळे' असं जे बरेच जण ठणकावून सांगतात तेही अर्धवटच आहे.

मी वकील नाही हे आधी सांगतो. पुण्यात इमारतींची आणि इंटिरियरची फोटोग्राफी करतो, क्लायंट म्हणजे आर्किटेक्ट, हॉटेलवाले, अधूनमधून एखादं ट्रस्ट, आणि परवानग्यांचे कागद मी स्वतःच करतो, अडलं तर वकिलाला दाखवतो. त्यामुळे खाली लिहितोय ते कामातून आलेलं आहे, कोर्टात उभं राहायची वेळ आली तर वकीलच गाठा.

खरी गल्लत कुठे होते सांगू का? परवानगी म्हणजे नेमकी कशाची हेच कोणी विचारत नाही. आत यायची? फोटो काढायची? की काढलेला फोटो छापून विकायची? या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तिन्हींना 'हो' म्हणणारा माणूसही दर वेळी एकच असतो असं नाही. तुमच्या केसमध्ये सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही लिहिलेलीच नाही, ती म्हणजे त्या दरवाज्याचा फोटो काढताना तुमचे पाय कुठे होते. रस्त्यावर, की देवडीत?

आधी फोटोचं बघू. कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यातल्या कलम ५२ मध्ये काय केलं तर कॉपीराइटचा भंग होत नाही याची लांबलचक यादी आहे, आणि त्यातल्या पोटकलम (एस) प्रमाणे इमारतीचं चित्र किंवा फोटो काढणं आणि तो प्रसिद्ध करणं याला भंग म्हणत नाहीत. दुसरं म्हणजे इमारतीच्या डिझाइनचा जो काही कॉपीराइट असतो तो आर्किटेक्टचा, घरमालकाचा नव्हे. घर विकत घेतलं किंवा वारसाने मिळालं म्हणून त्याच्या दिसण्याचा कॉपीराइट आपोआप खरेदीखतात येत नाही. आणि कॉपीराइटची मुदत कर्त्याच्या हयातीत आणि मग मृत्यूनंतर ६० वर्षं, म्हणजे पेशवाईतल्या वाड्याच्या बाबतीत हा मुद्दा कधीच संपलेला आहे. त्यामुळे त्या मालकांना 'आमच्या वाड्याचा कॉपीराइट आमचा' असं म्हणायचं असेल तर ते टिकत नाही. घराच्या दर्शनी भागाच्या नुसत्या दिसण्यावर मालकाला हक्क देणारा वेगळा कायदा आपल्याकडे नाही.

पण जमिनीवर त्यांचा हक्क आहे आणि तो चांगला भक्कम आहे. दिंडी दरवाजा उघडा दिसला म्हणून देवडीत शिरलात, चौकात जाऊन तुळशीवृंदावन घेतलं, माडीच्या जिन्यावर चढून वरून फ्रेम घेतली, तर तिथे तुमची बाजू लंगडी होते. भारतीय न्याय संहितेत, जी १ जुलै २०२४ पासून लागू आहे, कलम ३२९ मध्ये फौजदारी अतिक्रमण येतं. नुसतं आत गेलं म्हणून लगेच गुन्हा होत नाही, त्रास देणं, अपमान करणं, धाक घालणं किंवा एखादा गुन्हा करणं असा हेतू लागतो, पण मालकाने 'निघा' म्हटल्यावरही तुम्ही तिथे हुज्जत घालत उभे राहिलात तर तो हेतू दाखवणं सोपं जातं. राहत्या घरात शिरलं तर कलम आणखी कडक. शिवाय दिवाणी दावा वेगळा. म्हणून माझा साधा नियम आहे, उंबरठा ओलांडायचा तर आधी तोंडी तरी विचारायचं, आणि रस्त्यावर उभं राहून जे दिसतं ते बिनदिक्कत घ्यायचं.

मॉल, हॉटेल, हाउसिंग सोसायटी, देवळाचं आवार, कॉलेजचं कॅम्पस यांचंही असंच. लोक ये-जा करतात म्हणून ती जागा सार्वजनिक होत नाही. तिथे मालकाचा नियम चालतो, 'फोटो काढू नये' अशी पाटी असेल तर ती आत येण्याची अट समजा. पण वॉचमनला तुमचा फोन हिसकावून घ्यायचा किंवा फोटो डिलीट करायला लावायचा अधिकार नाही, तो फार तर बाहेर जायला सांगू शकतो. जप्ती करायची तर पोलिसांनी, तीही कागदोपत्री, पंचनामा करून. हे सगळं खरं असलं तरी वॉचमनशी भांडू नका. तो बारा तासांची ड्युटी करतोय, मॅनेजरचा नंबर मागा आणि दुसऱ्या दिवशी फोन करा, हमखास काम होतं.

आता घराच्या पलीकडे फ्रेममध्ये काय काय येतं तिकडे लक्ष द्या, कारण भानगड बहुतेक वेळा तिथे असते. जुन्या वाड्याचा दरवाजा डोळ्यासमोर आणा. वर गणेशपट्टी, महिरप, लाकडावर काळा पडलेला तेलाचा थर, हे सगळं तुम्हाला हवंय. पण शेजारी लाइटच्या मीटरांची रांग आहे आणि प्रत्येक मीटरवर भाडेकरूचं नाव खडूने लिहिलंय. दाराला घर नंबरची पाटी आहे. दोरीवर कपडे वाळतायत. नगरपालिकेची 'धोकादायक इमारत' अशी नोटीस डकवलेली आहे. मागे ओसरीत एक आजी भाजी निवडत बसल्यात. इमारतीचा फोटो घ्यायला हरकत नाही, पण आजी ही इमारत नाही. माणसाच्या खाजगीपणाचा हक्क हा मूलभूत हक्क आहे असं सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ मध्ये पुट्टस्वामी केसमध्ये सांगितलंय. तो थेट तुमच्या कॅलेंडरला कसा लागू होईल हे प्रत्येक केसवर ठरेल, पण ओळखू येणाऱ्या माणसाचा चेहरा विकाऊ वस्तूवर छापायचा तर त्याची संमती घ्यायचीच, यात मी कधी सवलत घेत नाही. आणि लांब लेन्स लावून खिडकीतून आतलं टिपणं हा तर विषयच वेगळा, घरात खाजगी अवस्थेत असलेल्या बाईचा फोटो काढणं हा न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, पहिल्याच वेळी किमान एक वर्ष कैद. तुम्ही भर रस्त्यावर उभे होतात हे तिथे कामाला येत नाही.

पुढचा भाग थोडा किचकट आहे पण कॅलेंडरवाल्यांसाठी फार कामाचा. इमारतीला सूट आहे म्हणून इमारतीवरच्या सगळ्याला आहे असं नाही. चौकातला पुतळा घ्या. कलम ५२ च्या पोटकलम (टी) प्रमाणे सार्वजनिक जागी कायमस्वरूपी असलेल्या शिल्पाचा फोटो काढून प्रसिद्ध करता येतो. त्यातला 'कायमस्वरूपी' हा शब्द पकडून ठेवा. गणपती मंडळाची मूर्ती दहा दिवसांची, मग तिला ही सूट कशी लागणार? मूर्तिकाराने स्वतःच्या कल्पनेने घडवलेली मूर्ती असेल तर त्याचा कॉपीराइट शाबूत आहे आणि तिचा फोटो छापून विकायचा तर मंडळाला आणि मूर्तिकाराला विचारलेलं बरं. मोबाइलमध्ये फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला तर कोणी काही म्हणत नाही, म्हणायला नकोच, पण त्याची पोस्टरं विकायला बसलात तर प्रश्न येऊ शकतो.

भिंतीवरच्या चित्रांचं तर त्याहून अवघड, कारण (टी) मध्ये शिल्प आणि कलाकुसरीच्या वस्तू येतात, पेंटिंग येत नाही. मुंबईत स्टार्ट इंडिया फाउंडेशनने करून घेतलेलं एक म्युरल एका विमा कंपनीने आपल्या जाहिरातीच्या होर्डिंगमध्ये वापरलं, प्रकरण दिल्ली हायकोर्टात गेलं आणि २०२३ मध्ये कोर्टाने प्रथमदर्शनी फाउंडेशनची बाजू धरून सोशल मीडियावरच्या त्या पोस्ट काढायला लावल्या. भिंत रस्त्यावर आहे, सगळ्या गावाला दिसते, तरीही. म्हणून तुमच्या बारा फोटोंत एखाद्या वाड्याच्या भिंतीवर हल्लीच कोणी रंगवलेलं चित्र हा मुख्य विषय असेल तर चित्रकार शोधा. व्हिडिओत पार्श्वभूमीला ओझरतं आलं तर त्याला वेगळी सूट आहे, पण तुमचं काम व्हिडिओ नाही.

आणि एक ट्रेडमार्कचं. मुंबईच्या ताज महाल पॅलेस हॉटेलने २०१७ मध्ये आपल्या इमारतीच्या बाह्यरूपाचाच ट्रेडमार्क नोंदवलाय. गेटवेला गेलेल्या माणसाने सेल्फी काढला तर कोणी विचारत नाही, पण तोच घुमट कपावर, टी-शर्टवर, पाकिटावर छापून विकायला काढला तर त्यांची परवानगी मागणं भाग आहे. अशी नोंदणी केलेल्या इमारती आपल्याकडे अगदी थोड्या, वाईच्या वाड्याने काही तसं केलेलं नसणार. तरी एखाद्या जुन्या हॉटेलचा किंवा कंपनीच्या हेडऑफिसचा फोटो माल विकायला वापरायचा असेल तर ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर एकदा शोधून बघा, फुकट आहे.

सरकारी आणि पुरातत्त्वाच्या जागांचं थोडक्यात उरकतो. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या बहुतेक ठिकाणी साधा फोटो चालतो, पण ट्रायपॉड, लाइट, मॉडेल असं काही आणलं की अर्ज लागतो, आणि अजिंठ्यात फ्लॅश म्हणजे अजिबात नाही, तिथली रंगचित्रं खराब होतात. खडकीचा दारूगोळा कारखाना, लष्करी आवारं यांच्याकडे कॅमेरा वळवूच नका, तिथे १९२३ चा ऑफिशियल सीक्रेट्स अ‍ॅक्ट आहे आणि तिथे कलेच्या गप्पा कोणी ऐकून घेत नाही. आणि कायद्याचं पुस्तक एकीकडे, लोकांच्या भावना दुसरीकडे. २०२२ मध्ये पुण्याच्या लाल महालात लावणीच्या रीलवरून गुन्हा दाखल झाला होता, आठवत असेल. तिथे इमारतीच्या कॉपीराइटचा काही संबंध नव्हता, वास्तू महापालिकेची, शूटला परवानगी नव्हती आणि जागा शिवरायांच्या आठवणीची, एवढं पुरलं.

याच्या उलटंही होतं. गोव्यात पर्रा गावातला माडांच्या रांगेतला रस्ता फोटोंसाठी इतका गाजला की तिथल्या पंचायतीने फोटो-व्हिडिओ काढणाऱ्यांकडून स्वच्छता कर म्हणून पैसे घ्यायला सुरुवात केली, ५०० रुपयांची एक पावती सोशल मीडियावर फिरली, बोंबाबोंब झाली आणि पंचायतीने तो कर मागे घेतला. सार्वजनिक रस्त्यावरून फोटो काढण्याचे पैसे मागायला आधार लागतो. पण म्हणून गावकऱ्यांचा वैताग खोटा होता असं नाही. पणजीच्या फोंताइन्हासमधली लोकं तर वर्षानुवर्षं सांगतायत की आमच्या पायऱ्यांवर प्री-वेडिंगवाले बसतात, खिडकीत डोकावतात, दार उघडायची चोरी झालीये. तिथे घराचा फोटो कायदेशीर असतो, पायरीवर बसणं नसतं.

आता तुमच्या त्या वाड्याच्या मालकांकडे येतो. माझा अनुभव असा की मेसेजमध्ये 'परवानगी' आणि 'केस' लिहिलेलं असलं तरी दुखणं दुसरीकडेच असतं. वाड्यात भाऊबंदकी चालू असते आणि एका भावाला वाटतं दुसऱ्याने फोटोग्राफरला बोलावून वाडा विकायला काढला. भाडेकरूंशी कोर्टात भांडण असतं आणि वाडा पडायला आलाय की राहण्याजोगा आहे यावरच सगळं अडलेलं असतं, त्यात तुमचा फोटो म्हणजे समोरच्याच्या हातात आयता पुरावा. रिडेव्हलपमेंटची बोलणी चालू असतात. आणि सगळ्यात खरी भीती चोरीची, कारण कोरीव खांब, जुन्या कड्या, पितळी कोयंडे यांना अँटिकच्या बाजारात गिऱ्हाईक आहे आणि तुम्ही लोकेशन टॅग करून त्यांना पत्ताच देऊन ठेवलात. यातलं एकही कारण तुमच्या फोटोला बेकायदा ठरवत नाही, पण प्रत्येक कारण ऐकून घेण्यासारखं आहे.

म्हणून त्यांना कलमं पाठवू नका. आधी लोकेशन टॅग काढा, घर नंबर आणि मीटर क्रॉप करा, कॅप्शनमध्ये 'पडका', 'झपाटलेला' असलं काही लिहिलं असेल तर ते उडवा, कारण कॅप्शन हा तुमचाच शब्द आणि त्याची जबाबदारी तुमची. मग लिहा की नमस्कार, फोटो रस्त्यावरून काढलाय, पत्ता काढून टाकलाय, तुमची नेमकी अडचण काय आहे ते सांगाल का, फोनवर बोलू. फोटो आतून काढलेला असेल तर मात्र सरळ उतरवा आणि मग बोला. आणि बोलल्यावरही ते नकोच म्हणाले तर? रस्त्यावरचा असेल तर कायद्याने ठेवता येईल, पण मी तरी कॅलेंडरला तो फोटो घेणार नाही. महाराष्ट्रात दरवाज्यांचा काय दुष्काळ पडलाय का, आणि ज्या गावात पुन्हा पुन्हा जायचंय तिथे एका घराशी वैर घेऊन उरलेल्या दहा घरांची दारं बंद करून घ्यायची?

उरलेल्या फोटोंपैकी जे आवारात शिरून काढलेत त्यांना लेखी संमती घ्या. साधा कागद पुरतो, मी स्टँपपेपर वगैरे करत नाही. मजकूर असा काहीसा: 'आमच्या अमुक मिळकतीच्या चौकाचे व ओसरीचे फोटो श्री. अमुक यांनी अमुक तारखेस आमच्या संमतीने काढले असून ते कॅलेंडर, प्रदर्शन व वेबसाइटसाठी वापरण्यास आमची हरकत नाही. आमचे नाव व पत्ता छापू नये.' खाली सही, फोन नंबर. वापर मोजून लिहा, 'कशासाठीही वापरता येईल' असं लिहिलं की लोक बिचकतात आणि ते बरोबरच आहे, उद्या त्यांचा वाडा गुटख्याच्या जाहिरातीत दिसला तर? सही कोणाची घ्यायची हा खरा प्रश्न. मिळकत पत्रिकेवर सात-आठ नावं असतात, त्यातले निम्मे अमेरिकेत नाहीतर ठाण्याला. सगळ्यांच्या सह्या गोळा करत बसलात तर कॅलेंडर २०४० साली निघेल. मी प्रत्यक्ष राहणाऱ्याची आणि मालकांपैकी जो व्यवहार बघतो त्याची, अशा दोन सह्या घेतो. भाडेकरूच्या खोलीचा फोटो असेल तर भाडेकरूची संमती हवीच, मालकाचा होकार त्याच्या खोलीपुरता पुरत नाही. कागद शक्य नसेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर तो फोटो पाठवून 'हा कॅलेंडरला वापरतोय, चालेल ना?' एवढं विचारा आणि उत्तर जपून ठेवा, अजिबात काही नसण्यापेक्षा पुष्कळ बरं.

स्टॉक साइटचं मनाला लावून घेऊ नका. शटरस्टॉक, गेटी यांसारख्या साइट जगभर विकतात, कुठल्या देशात कुठला खटला उभा राहील या धास्तीने जाहिरातीसाठीच्या फोटोला त्या प्रॉपर्टी रिलीज मागतात. तो त्यांचा करार आहे, आपला कायदा नाही. तोच फोटो 'एडिटोरियल' म्हणून द्या, बहुतेक वेळा घेतात, फक्त मग तो बातमी-लेखालाच वापरता येतो, जाहिरातीला नाही.

आणखी एक, जे तुम्ही विचारलं नाही पण कॅलेंडर म्हटलं की येतंच. हे तुम्ही स्वतः छापताय तोवर फोटो तुमचे. पण उद्या एखादी पतसंस्था म्हणाली की आम्ही पैसे देतो, आमच्यासाठी वाड्यांचे फोटो काढा, तर कलम १७ प्रमाणे वेगळं काही ठरलेलं नसेल तर त्या फोटोंची पहिली मालक ती पतसंस्था होते, तुम्ही नाही. आधीच काढलेले फोटो नुसते वापरायला दिले तर तसं होत नाही. म्हणून ऑर्डर घेताना दोन ओळींचा ईमेल तरी करा की कॉपीराइट माझ्याकडे राहील, तुम्हाला एका वर्षाच्या कॅलेंडरपुरता वापर.

ड्रोनने चौक वरून घ्यायचाय असं शेवटी लिहिलंत, तर ड्रोन नियम २०२१ चे आहेत. २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनोला पायलट सर्टिफिकेट लागत नाही, त्यापेक्षा जड आणि काम विकण्यासाठी असेल तर लागतं. उडवायच्या आधी सरकारी नकाशावर ती जागा हिरवी आहे का बघा, हिरव्यात साधारण ४०० फुटांपर्यंत मोकळीक आहे. पुण्यात लोहगावचा हवाई तळ आणि खडकवासल्याची एनडीए असल्यामुळे बराच भाग अडतो, आणि मुंबई पोलीस तर अधूनमधून ड्रोनबंदीचा आदेशच काढतात, त्यामुळे त्या आठवड्यात स्थानिक पोलीस ठाण्यात फोन करून विचारा. आणि नकाशा हिरवा असला तरी चौकावर ड्रोन नेण्याआधी घरात सांगा. रस्त्यावरून चौक दिसत नाही आणि तो आतल्या बाजूला बांधला तो बाहेरच्याला दिसू नये म्हणूनच, त्यामुळे वरून घेतलेल्या फोटोला मी आत शिरून काढलेल्या फोटोइतकीच संमती घेतो.